उत्तर स्पेन, १२ रात्री: प्रांताप्रांतातला फरक नेमका कुठे दिसतो?

पायवाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बिल्बाओला उतरून सांतियागो दे कोम्पोस्तेलाहून परत, अशा १२ रात्री हाताशी आहेत. दोघे जण. गाडी चालवायची नाही. एक जण शाकाहारी, पण अंडं चालतं.

माद्रिद-बार्सिलोना-अंदालुसिया हे नेहमीचं वर्तुळ नको. नकाशावर एकाच किनाऱ्याला बास्क, कांताब्रिया, आस्तुरियास आणि गॅलिशिया असे चार स्वायत्त प्रदेश ओळीने बसलेत, शेजारी नाव्हारा. प्रत्येकाचा झेंडा वेगळा, इतिहास वेगळा, काहींची भाषाही वेगळी, इतकं वाचनातून कळलं. पण प्रत्यक्ष रस्त्यावर हे ओळखायचं कशावरून? नाहीतर सगळीकडे एक कॅथेड्रल, एक चौक आणि कॉफी एवढंच पदरात पडायचं.

किनाऱ्याने जाणारी एक छोटी रेल्वे आहे म्हणतात, ती धरावी का? कुठे किती रात्री? आणि मोडकं स्पॅनिश बोललं तर बास्क किंवा गॅलिशियन माणसाला राग येतो का?

दर्यावर्दी

आधी क्रम ठरवा. बिल्बाओला उतरलात तरी मुक्काम तिथून सुरू करू नका. नाव्हारा पूर्वेला आणि बाकी सगळं पश्चिमेला. नाव्हारा मागाहून केलंत तर त्याच रस्त्याने उलटं यावं लागतं आणि एक अख्खा दिवस बसमध्ये जातो. माझी मांडणी अशी: पाम्प्लोना २, बिल्बाओ ३, सान्तिल्याना देल मार १, ओव्हिएदो ३, लुगो १, सांतियागो २. बेरीज १२.

बिल्बाओहून पाम्प्लोना बसने साधारण दोन तास. परतताना वाट वाकडी करून सान सेबास्तियानवरून या किंवा वितोरियावरून, दोन्हीकडून बस सवा-सवा तासाच्या टप्प्यांत मिळते. समुद्र आणि खाणं हवं तर सान सेबास्तियान. तुमचा प्रश्न पाहता मी वितोरिया म्हणेन.

आता ती रेल्वे. रूळ मीटरगेज, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या मीटरगेजइतकेच रुंद. बिल्बाओ ते सान्तान्देर रेल्वेने जवळपास तीन तास, बसने सव्वा ते दीड. सान्तान्देर ते ओव्हिएदो रेल्वेने पाच तास, बसने अडीच-तीन. ओव्हिएदो ते फेरोल सात तास! गाड्या दिवसाला मोजक्याच असतात. गाडी रद्द झाली की बदली बस येते खरी, पण लहान स्थानकांवर ती स्थानकापाशी न थांबता वरच्या हमरस्त्यावर थांबू शकते, हे लक्षात येईपर्यंत बस गेलेली असते. इथले बोगदे इतके जुने आणि अरुंद आहेत की नव्या मागवलेल्या ३१ गाड्या त्यांत मावणारच नाहीत, हे २०२३ मध्ये बाहेर आलं आणि वरिष्ठांना राजीनामे द्यावे लागले. तेव्हा अख्खा प्रवास रेल्वेने हा हट्ट नको. ल्यानेस ते रिबादेसेल्या हा तुकडा तेवढा घ्या: एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला थेट डोंगर.

बसच्या वेळापत्रकात दोन शब्द बघायचे. ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस, पण यात शनिवार धरलाय की नाही हे मार्गागणिक बदलतं, खालची बारीक टीप वाचायची. ‘फेस्तिव्होस’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. आणि सुट्टी गावाचीही असते. ओव्हिएदोला २१ सप्टेंबरला सान मातेओची जत्रा, त्याच दिवशी शेजारच्या खिखोनला साधा कामाचा दिवस.

गाडी घेणाऱ्या कोणी हा धागा वाचला तर एक इशारा: किनाऱ्याचा आ-८ महामार्ग गॅलिशियात मोन्दोन्येदो आणि आबादीनच्या मध्ये फिओउको नावाच्या घाटमाथ्यावरून जातो. २०१४ मध्ये हा पट्टा खुला झाल्यापासून दाट धुक्यामुळे तो वारंवार बंद करावा लागतो. मग जुन्या वळणावळणाच्या रस्त्याने सोडतात. लुगोच्या हॉटेलात पोहोचण्याची वेळ ठरवताना तासभर जादा धरा.

शिलालेख

दर्यावर्दींचा क्रम योग्य आहे. पाट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रवासात फरक सर्वात आधी पाट्यांवर दिसतो: कोणती भाषा वर आहे, कोणती खाली आहे आणि कोणती काळ्या रंगाने खोडली आहे.

बास्क भाषेचे स्वतःचे नाव एउस्कारा. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. मराठी माणसाला मात्र तिथे दोन ठिकाणी ओळखीचे वाटते. पहिले, उच्चार. आपल्याकडे ‘चोर’मधला च वेगळा आणि ‘चिमणी’मधला वेगळा. बास्कमध्ये या दोन्ही ध्वनींना वेगळी अक्षरे आहेत. टी-झेड लिहिले की चोरातला च (सारौत्स गावाच्या शेवटी आहे तो), टी-एक्स लिहिले की चिमणीतला (गेचो). नुसता एक्स म्हणजे श आणि नुसता झेड म्हणजे स. एवढ्यावर बहुतेक पाट्या वाचता येतात.

दुसरे, व्याकरण. ‘गिसोना एतोर्री दा’ म्हणजे माणूस आला. ‘गिसोनाक ओगिआ यान दू’ म्हणजे माणसाने पाव खाल्ला. शेवटचा ‘क’ हा आपला ‘ने’. मराठीत हा प्रकार भूतकाळासारख्या मोजक्या रूपांत येतो, बास्कमध्ये सर्व काळांत. स्पॅनिश माणसाला हे शिकताना घाम फुटतो, आपल्याला फुटू नये.

कामाचे शब्द: इर्तेएरा (बाहेर जाण्याची वाट), सार्रेरा (प्रवेश), इचिता (बंद), इरेकिता (उघडे), कालेआ (रस्ता), गेल्तोकिया (स्थानक), कोमुनाक (स्वच्छतागृहे). भेटल्यावर काइशो, निघताना आगुर, आभारासाठी एस्केर्रिक आस्को. पुढचे सगळे संभाषण स्पॅनिशमध्ये करा, कोणी रागावत नाही. फक्त त्या भाषेला ‘एस्पान्योल’ऐवजी ‘कास्तेल्यानो’ म्हणण्याची सवय ठेवा. ‘आमचीही भाषा स्पेनचीच आहे, मग एकटी तीच स्पॅनिश कशी?’ हा तिथला जुना मुद्दा आहे.

शब्दांचा घोळही आधी निस्तरून घ्या. एउस्कादी म्हणजे आजचा स्वायत्त प्रदेश: बिस्काया, गिपुस्कोआ आणि आराबा हे तीन प्रांत. एउस्काल एर्रिया म्हणजे बास्क लोकांची सगळी भूमी: हे तीन, नाव्हारा आणि फ्रान्समधले तीन. भिंतींवर ‘सास्पियाक बात’ दिसते, म्हणजे सात मिळून एक. नाव्हारातल्या अर्ध्याअधिक लोकांना हे अजिबात मान्य नाही, म्हणून पाम्प्लोनात ‘तुम्ही बास्क ना?’ असे सुरुवातीलाच विचारू नये. नाव्हारातल्या १९८६ च्या कायद्याने तिथे भाषेचे तीन पट्टे पाडले आहेत: उत्तरेला बास्क, मध्ये मिश्र, दक्षिणेला केवळ स्पॅनिश. पाम्प्लोना मिश्र पट्ट्यात. १९७८ च्या संविधानात नाव्हारा सार्वमताने बास्क प्रदेशात जाऊ शकेल अशी तरतूद आहे, ती आजवर वापरली गेलेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ‘फुएरो’ आहेत. फुएरो म्हणजे प्रांतांचे जुने लिखित हक्क: कर, जकात, लष्करभरती, न्याय. राजा गेर्निकाच्या ओक वृक्षाखाली येऊन ते पाळण्याची शपथ घेई. १९व्या शतकात राजगादीच्या वारशावरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांनंतर १८७६ मध्ये ते रद्द झाले, पण १८७८ मध्ये करवसुलीचा अधिकार करार करून परत दिला गेला. आजही बास्क प्रांत आणि नाव्हारा आपले कर स्वतः गोळा करतात आणि ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतात. स्पेनच्या इतर कोणत्याही प्रदेशाला, कातालोनियालासुद्धा, ही सोय नाही.

१९३६ च्या यादवीत नाव्हारा आणि आराबा पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूला गेले, बिस्काया आणि गिपुस्कोआ प्रजासत्ताकाच्या. फ्रँकोने १९३७ मध्ये शेवटच्या दोघांना ‘गद्दार प्रांत’ ठरवून त्यांचा करहक्क काढून घेतला, पहिल्या दोघांचा ठेवला. एकाच भाषेच्या लोकांत ही फाळणी का दिसते, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

बिल्बाओत तीन रात्री दिल्यात ते चांगले. गुगेनहाइम पाहालच, पण मेट्रोने आरेएता स्थानकावर उतरून १८९३ चा बिस्काया पूल पाहा. खाली लोंबकळणारी गोंडोला माणसे आणि मोटारी पलीकडे नेते. पुलाच्या गेचोच्या बाजूला गिरणी आणि जहाजमालकांचे वाडे, पोर्तुगालेतेच्या बाजूला कामगारांच्या चाळवजा इमारती. लोखंडाच्या खाणींसाठी स्पेनभरातून मजूर आले, ते डाव्या तीरावर राहिले. त्या लोंढ्याची भीती घेऊनच साबिनो आरानाने १८९५ मध्ये बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला. नदीच्या दोन काठांवर समाजवादी आणि राष्ट्रवादी राजकारण समोरासमोर उभे राहिले, ते या पुलावरून दहा मिनिटांत समजते. बारिक नावाचे कार्ड घ्या. मेट्रो, ट्राम, गेर्निकाची गाडी या सगळ्याला ते चालते.

गेर्निकाला सोमवारी जा. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन हवाई पथक काँडर लीजन आणि इटालियन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले तो सोमवार, बाजाराचा दिवस होता. आजही बाजार सोमवारीच भरतो. अडचण अशी की शांतता संग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा दोन्हींपैकी एक निवडावे लागेल. मी बाजार निवडेन, कारण गुगेनहाइमही त्या मोसमात सोमवारी बंद, म्हणजे बिल्बाओतला तो दिवस तसाही मोकळा. ओक वृक्ष आणि शेजारचे सभागृह बॉम्बमधून वाचले. आताचे झाड २०१५ मध्ये लावलेले आहे, त्याच वंशातले. जुन्या झाडाचा बुंधा बाजूच्या मंडपात जपला आहे. पिकासोच्या चित्राची फरशांवर केलेली प्रतिकृती रस्त्यालगतच्या भिंतीवर आहे आणि खाली मागणी लिहिली आहे: ‘गेर्निका’ गेर्निकाला द्या. मूळ चित्र माद्रिदला.

एक मात्र लक्षात असू द्या: बिल्बाओच्या रस्त्यावर एउस्कारा फारसे कानावर पडत नाही. ते ऐकायचे तर गेर्निका, लेकेइतियो, आस्पेइतिया अशी गावे. आणि बिस्कायाचा पश्चिम भाग, एन्कार्तासियोनेस, तिथे कित्येक शतके स्पॅनिशच चालते. प्रांताची सीमा एकीकडे, भाषेची दुसरीकडे.

पायवाट

वा, हे हवंच होतं. दोन शंका. वितोरिया का? आणि एटा या सशस्त्र बास्क संघटनेबद्दल कुणाला विचारलं तर चालेल का? बाल्कन्यांत अजून झेंडे लागतात असं फोटोंत दिसतं.

शिलालेख

दोन्हींचे उत्तर एकच. वितोरियात दहशतवादाच्या बळींचे स्मारक-संग्रहालय आहे, २०२१ मध्ये उघडलेले. अपहृत माणसांना ज्या भुयारी कोठडीत डांबत तिची प्रतिकृती आत आहे. त्याच शहरात ३ मार्च १९७६ ला संपकरी कामगारांच्या सभेवर पोलिसांनी चर्चमध्ये अश्रुधूर सोडून बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या घातल्या, पाच जण मेले. त्याचे स्मारकही चर्चपाशी आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावीत.

एटाची स्थापना १९५९ ची. आठशेहून अधिक माणसे मारली. ऑक्टोबर २०११ मध्ये शस्त्रे थांबवल्याची घोषणा, मे २०१८ मध्ये विसर्जन. बाल्कनीतला पांढरा झेंडा, त्यावर काळा नकाशा आणि आत शिरणारे लाल बाण, ‘एउस्काल प्रेसोआक एचेरा’ अशी अक्षरे: बास्क कैद्यांना घराजवळच्या तुरुंगात आणा, ही त्या झेंड्याची मूळ मागणी. बारमध्ये हा विषय आपण होऊन काढू नये. राग येईल म्हणून नव्हे. शेजारच्या स्टुलावर कोणाचा भाऊ कोणत्या बाजूने गेला हे आपल्याला ठाऊक नसते.

मडगावकर

पाम्प्लोनाला दोन रात्री आहेत तर एक दिवस हावियेरला द्या. हावियेर म्हणजेच झेवियर. गोव्यात बॉम जेझूसमध्ये ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर याच किल्ल्यात १५०६ मध्ये जन्मले. गावाचं नाव मूळ बास्क, ‘एचे बेर्री’, म्हणजे नवं घर. त्याचंच पुढे शाबिएर, हावियेर, झेवियर झालं.

गोव्यात त्यांना सरसकट पोर्तुगीज समजतात. ते नाव्हारी होते. नाव्हारा तेव्हा वेगळं राज्य होतं. १५१२ मध्ये शेजारच्या कास्तील राज्याने ते जिंकलं, आणि १५१६ मध्ये या घराण्याच्या किल्ल्याचे बुरूज पाडायचा हुकूम निघाला, कारण घरचे लोक पराभूत राजाच्या बाजूने होते. १५२१ मध्ये नाव्हारा परत मिळवायला फ्रेंच-नाव्हारी फौज पाम्प्लोनावर चालून आली, तिच्यात झेवियरचे थोरले भाऊ. किल्ल्यात कास्तीलच्या बाजूने लढणारा एक गिपुस्कोआचा बास्क सरदार तोफगोळ्याने पायाला जबर जखमी झाला. तो इग्नेशियस लोयोला. पुढे पॅरिसला हे दोघे एकाच खोलीत राहिले आणि जेजुइट पंथ निघाला. पाम्प्लोनात तो जखमी झाला त्या जागी खूण आहे, चुकवू नका.

झेवियरने भारतातून १५४४ च्या पत्रात लिहिलंय की इथल्या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बिस्कायी, म्हणून एकमेकांचं काही कळत नाही. त्या काळी बास्कला बिस्कायी म्हणत. ३ डिसेंबरला गोव्यात त्यांचं फेस्त, नाव्हारात तोच प्रांतदिन, आणि एउस्काराचा दिवसही तोच. 

जायची अडचण: पाम्प्लोनाहून हावियेर पन्नासेक किलोमीटर. बस सान्ग्वेसापर्यंत मिळते, तीही कमी. पुढचे आठेक किलोमीटर टॅक्सी. परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवून ठेवा, तिथे रांगेत उभ्या नसतात. किल्ल्याच्या प्रार्थनागृहात अक्रोडाच्या लाकडाचा, चेहऱ्यावर हसू असलेला क्रूसावरचा येशू आहे आणि भिंतीवर सांगाड्यांचा नाच रंगवलेला आहे. छोटी खोली आहे, घाईत पुढे निघून जाल.

चकवा

रोन्सेस्व्हालेस विसरलात सगळे! पाम्प्लोनाहून तिकडेही बस जाते. वीरकाव्यातल्या रोलाँची खिंड. अरबांनी फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याचा मागचा भाग कापून काढला ती. शिवाय गॅलिशियाबद्दल फार डोकं लावू नका, गॅलिशियन ही स्पॅनिशची बोलीच आहे, सगळं कळतं.

मडगावकर

दोन्ही वाक्यं दुरुस्त करायला हवीत.

७७८ मध्ये शार्लमेनचा पिछाडीचा दस्ता कापला तो बास्कांनी. त्याने जाता जाता पाम्प्लोनाची तटबंदी पाडली होती, त्याचा हा सूड. अरब आले ते तीन शतकांनंतरच्या फ्रेंच वीरकाव्यात, धर्मयुद्धाच्या काळाला शोभावं म्हणून.

आणि गॅलिशियन जवळची आहे ती पोर्तुगीजला. मध्ययुगात ही एकच भाषा होती. सीमा वेगळ्या झाल्या तशा भाषा वेगळ्या झाल्या. घरात पोर्तुगीज ऐकलेल्या गोंयकाराला सांतियागोत पाट्या सहज लागतात: रुआ, प्राया, इग्रेशा. पोर्तुगीज ‘इग्रेजा’तला ज तिथे श होतो, इतकंच. आभार मात्र ओब्रिगादो नव्हे, ग्रासास. (पोर्तुगीज ठोकून दिलंत तरी समजतं, आणि समोरचा खूश होतो.)

पाट्यांचा खेळ इथे सर्वात गमतीचा. गॅलिशियनमध्ये आ आणि ओ ही उपपदं, म्हणून शहर ‘आ कोरुन्या’. स्पॅनिशमध्ये ‘ला कोरुन्या’. जुन्या फलकावर ‘ला’मधलं पहिलं अक्षर काळं फासलेलं दिसेल. गावांची नावं कानाला स्पॅनिश वाटावीत म्हणून वाकवली गेली, सान्शेन्शोचं सानखेन्खो झालं, ज्याला कोणत्याच भाषेत अर्थ नाही. लेखनातही दोन गट आहेत: अधिकृत नियम स्पॅनिश वळणाचे, आणि दुसरा गट मुद्दाम पोर्तुगीज वळणाने लिहितो. भिंतीवर ‘गालिसा’ हे रूप दिसलं, तर लिहिणारा बहुधा दुसऱ्या गटातला.

गॅलिशियाला घटनेच्या परिभाषेत बास्क आणि कातालोनियाच्या रांगेत ‘ऐतिहासिक राष्ट्रक’ धरतात. कारण प्रजासत्ताकाच्या काळात तिघांनीही स्वायत्ततेवर मतदान केलं होतं. गॅलिशियाचं मतदान २८ जून १९३६ ला झालं. तीन आठवड्यांनी लष्करी उठाव झाला आणि कागद तसाच राहिला तो १९८१ पर्यंत. उठावाच्या म्होरक्यांपैकी फ्रँको हा गॅलिशियातल्याच फेरोलचा.

सांतियागोत कॅथेड्रलनंतर बोनावाल मठाकडे चाला, पंधरा मिनिटं. तिथे गॅलिशियन जनतेचं संग्रहालय आहे, एकात एक गुंफलेल्या तीन जिन्यांसह. शेजारच्या चर्चमध्ये रोसालिया दे कास्त्रोची समाधी. तिचा ‘कान्तारेस गालेगोस’ हा काव्यसंग्रह १८६३ चा, १७ मे ही त्याच्या अर्पणपत्रिकेची तारीख, आणि १९६३ पासून गॅलिशियन साहित्यदिन त्याच दिवशी. बॅगपाइप, केल्टिक गाठी वगैरे दुकानांत भरपूर मिळेल. गाइता, म्हणजे इथली बॅगपाइप, जुनी आहे, पण ‘आम्ही केल्ट’ हा अभिमान बराचसा १९व्या शतकातल्या कवींनी आणि इतिहासकारांनी घडवलेला आहे. विकत घ्यायला हरकत नाही.

रानमेवा

मधल्या दोन प्रदेशांना सगळे बगल देतात म्हणून लिहिते.

कांताब्रिया १९८२ पर्यंत ‘सान्तान्देर’ नावाचा कास्तीलचा एक प्रांत होता, कास्तीलचं समुद्राकडचं दार. त्यामुळे इथे वेगळेपणाचा आवाज मंद. सान्तिल्यानाला एक रात्र आल्तामिराच्या चित्रगुहेसाठी पुरते. मूळ गुहा सामान्य प्रवाशाला बंद असते असं धरूनच चला. दाखवतात ती शेजारची २००१ मधली हुबेहूब प्रतिकृती. सोमवारी बंद. १८७९ मध्ये सान्स दे साउतुओलाच्या लहान मुलीने छतावरचे बायसन पाहिले आणि विद्वानांनी बापाला लबाड ठरवलं. १९०२ मध्ये त्यांनी चूक कबूल केली, तोवर तो मेलेला होता. खरीखुरी गुहा पाहायची तर पुएन्ते व्हिएस्गोची एल कास्तिल्यो. गट लहान असतो, आगाऊ आरक्षण न करता गेलात तर दारातून परत याल. दोन्हींतून एकच निवडायची तर मी एल कास्तिल्यो म्हणेन, प्रतिकृती कितीही चांगली असली तरी.

आस्तुरियासचा तोरा उलटा आहे. ‘आस्तुरियास हाच स्पेन, बाकी जिंकलेला मुलूख’ असं तिथे अर्ध्या थट्टेत म्हणतात. पेलायो या सरदाराने कोवादोंगाला मुस्लिम फौजेला थोपवलं (साल ७१८ की ७२२ हा वाद चालूच आहे) आणि तिथून स्पेन सुरू झाला, ही ती कथा. गादीच्या वारसाला १३८८ पासून ‘आस्तुरियासचा युवराज’ म्हणतात. पण हाच प्रदेश ऑक्टोबर १९३४ च्या खाणकामगारांच्या उठावाचाही. ओव्हिएदोच्या कॅथेड्रलमधली कामारा सान्ता ही राजांच्या काळातली पवित्र खोली तेव्हा सुरुंगाने उडाली. आज दिसते ती पुन्हा रचलेली, आणि आत ९०८ चा विजयाचा क्रूस, जो निळ्या झेंड्यावर आहे. राजमुकुट आणि सुरुंग, दोन्ही एकाच खोलीत. शहराबाहेर नारांको टेकडीवरचं ९व्या शतकातलं सांता मारिया चढ चढून पाहाच.

आस्तुरियन भाषेला १९९८ च्या कायद्याने संरक्षण आहे, अधिकृत दर्जा नाही. म्हणून सरकारी पाटीवर खिखोन आणि शिशोन ही जोडी दिसते, पण कार्यालयात सगळं स्पॅनिशमध्ये.

सीमा बघायची तर धान्यकोठार बघा, ओर्रेओ. आस्तुरियासमध्ये लाकडी, चौकोनी, चार खांबांवर. चारपेक्षा जास्त खांब असले तर त्याला पानेरा म्हणतात. गॅलिशियात तेच लांबट, अरुंद, बहुधा दगडी, बाजूला फटी आणि छपरावर क्रूस. दोन्हींत खांबाच्या डोक्यावर सपाट दगड, उंदीर वर चढू नये म्हणून. बसच्या खिडकीतून पश्चिमेकडे जाताना चौकोन लांबट होत जातो. एओ नदीवर प्रदेशाची सीमा, पण नाव्हिया नदीपासूनच लोक गॅलिशियनकडे झुकणारी बोली बोलतात.

सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, आस्तुरियासमध्ये स्वतः ओतू नका. वाढपी बाटली डोक्यावर धरतो, पेला मांडीपाशी तिरका, धार पेल्याच्या काठावर आपटते. या दारूत वायू फार थोडा असतो. आपटल्याने तो मोकळा होऊन वास उघडतो आणि अर्ध्या मिनिटात विरतो. म्हणून एका वेळी दोन-तीन बोटंच ओततात, तिला कुलीन म्हणतात, आणि ती लगेच संपवायची. तळाशी थोडं ठेवून ज्या काठाने प्यालात त्याच काठावरून खाली सांडायचं, पेला धुतला जातो, कारण एकच पेला टेबलभर फिरतो. एका बाटलीत सहाएक कुलीन. २०२४ मध्ये या सगळ्याला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बास्क भागातल्या सागार्दोतेगीत, म्हणजे सिद्रागृहात, पद्धत वेगळी: जानेवारी ते एप्रिलच्या मोसमात मोठ्या पिंपाची चावी उघडून ‘चोच!’ अशी हाळी देतात (च चिमणीतला) आणि रांगेने धारेखाली पेला धरायचा.

शाकाहाराचं. ‘सिन कार्ने’ एवढ्याने भागत नाही. कार्ने म्हणजे मटणाचा तुकडा असा अर्थ धरून सॅलडमध्ये हॅम किंवा टुना घालून आणतात. पूर्ण वाक्य: ‘नो कोमो नी कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो, नी आतून.’ फाबादात (पांढऱ्या घेवड्याचा रस्सा) चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज, आणि रक्ताचं सॉसेज असतंच. काल्दो गालेगो भाजीचं सूप दिसतं, पण त्यात डुकराची चरबी. क्रोकेतास बहुधा हॅमचे. इदियासाबाल चीज मेंढीच्या दुधाचं, पण कोकराच्या जठरातल्या रेनेटने लावलेलं, चालतं का ते ठरवा. निर्धास्त: बटाट्याची तोर्तिया (चोरिसो नाही ना, विचारून), पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, पिस्तो (भाज्यांचा रस्सा), आस्तुरियासची तांदळाची खीर आणि सांतियागोचा केक, ज्यात मैदा नसून बदाम, साखर आणि अंडं. जेवण दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. चार वाजता पोहोचलात तर गरम काही मिळणार नाही, सकाळची तोर्तिया मिळेल.

छत्री नको, टोपीचं जाकीट घ्या. भुरभुर पावसाला बास्कमध्ये सिरिमिरी, आस्तुरियासमध्ये ओर्बायू, गॅलिशियात ओर्बायो म्हणतात. तो वरून कमी आणि बाजूने जास्त येतो.

पायवाट

सगळं उतरवून घेतलं. निघायची तारीख चार दिवस पुढे सरकवावी लागेल असं दिसतंय, म्हणजे लुगो ५ ऑक्टोबरच्या आसपास. काही फरक पडतो का?

दर्यावर्दी

पडतो. ४ ते १२ ऑक्टोबर लुगोत सान फ्रोइलानची जत्रा असते, ५ हा मुख्य दिवस. तंबूंत तांब्याच्या हंड्यांतून ऑक्टोपस उकळत असतो, आणि खोल्या कधीच भरलेल्या असतात. आज खोली मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर ओव्हिएदोहून सकाळच्या बसने लुगोला या, रोमन तटावर चाला (दोन किलोमीटरच्या वर थोडा फेरा, दहा दरवाजे, तिकीट नाही, रात्रीही खुला) आणि संध्याकाळच्या बसने सांतियागोला मुक्काम हलवा. जत्रेत त्या बसच्या जागा भरतात, म्हणून तिकीट आधी. आणि सांतियागोत पाठीवरची सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत, ती हॉटेलवर टाकूनच जा.